परक्यांसाठी इंग्रजी : व्याख्या, समानार्थी शब्द आणि उदाहरणवाक्य यांचा इतिहास

१/
१९४२ साली जपान आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले होते. त्याच वर्षी टोकियोतील काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने शत्रूच्या भाषेचा, म्हणजे इंग्रजीचा, एक शब्दकोश छापून प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'इडियोमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी'. ज्याला आज जगभरचे विद्यार्थी 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून ओळखतात, त्याचे हे मूळ रूप होय. इंग्रजी शिकणाऱ्यांचा हा सुप्रसिद्ध कोश ऑक्सफर्डमध्ये जन्मला नाही. तो युद्धकालीन टोकियोत जन्मला. असे का घडले, याचा हा धागा.

२/
विद्यार्थ्यांसाठीच्या कोणत्याही इंग्रजी कोशातील एक नोंद पाहिली, तर तिच्यात साधारण तीन गोष्टी आढळतात. सोप्या शब्दांत दिलेली व्याख्या, एक-दोन समानार्थी शब्द आणि एखादे उदाहरणवाक्य. ही मांडणी इतकी परिचयाची झाली आहे की ती अनादी काळापासून तशीच असावी असे वाटते. प्रत्यक्षात या तीन साधनांचा जन्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाचकांसाठी झाला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी ही साधने एकत्र गुंफण्याचे काम विसाव्या शतकात झाले, आणि त्यात ढाका व टोकियो या दोन आशियाई शहरांतील शिक्षकांचा वाटा फार मोठा होता.

३/
आरंभ १६०४ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्री यांचा 'टेबल अल्फाबेटिकल' प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच सांगणारा हा पहिला छापील स्वतंत्र कोश मानला जातो. त्यात सुमारे २,५०० शब्द होते. कॉड्री हे धर्मोपदेशक आणि शाळामास्तर होते. त्यांनी आपली बरीच सामग्री एडमंड कूट या दुसऱ्या शाळामास्तरांच्या १५९६ सालच्या क्रमिक पुस्तकातून घेतली होती. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

४/
कॉड्री यांनी हा कोश कोणासाठी लिहिला, हे महत्त्वाचे आहे. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच अशा भाषांतून त्या काळी असंख्य शब्द इंग्रजीत येत होते. लॅटिन शिकलेल्या पुरुषांना ते कळत. ज्यांना लॅटिन शिकण्याची संधी नव्हती, अशा स्त्रियांना आणि अल्पशिक्षितांना ते प्रवचनात ऐकू येत, पुस्तकांत दिसत, पण उमजत नसत. कॉड्री यांनी हा वाचकवर्ग मुखपृष्ठावरच नमूद केला. त्यांची पद्धत सरळ होती : अवघड शब्दापुढे एक किंवा दोन सोपे शब्द. व्याख्या आणि समानार्थी शब्द यांत अजून भेद पडलेला नव्हता.

५/
या पद्धतीची मर्यादा लवकरच लक्षात येते. अवघड शब्दाचा अर्थ सोप्या शब्दाने सांगता येतो. सोप्या शब्दाचा अर्थ कशाने सांगावा? मराठीतील एक कल्पित उदाहरण घेऊ. 'विहीर' म्हणजे 'भूगर्भस्थ जलाच्या उपशासाठी उत्खनित केलेले विवर', अशी व्याख्या केली तर ती अचूक ठरेल; पण ज्याला 'विहीर' कळत नाही त्याला 'विवर' कसे कळावे? 'पाणी मिळावे म्हणून जमिनीत खणलेला खोल खड्डा' ही व्याख्या शिकणाऱ्याच्या कामाची. पहिली व्याख्या पंडितांना पटेल, दुसरी मुलाला कळेल. कोशाच्या इतिहासातील एक मोठा वाद या दोन व्याख्यांमधील अंतरात सामावलेला आहे.

६/
अठराव्या शतकात पंडितांची बाजू सरस ठरली. १७४६ साली लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी सॅम्युएल जॉन्सन यांच्याशी १,५०० गिनींचा करार केला, आणि १५ एप्रिल १७५५ रोजी त्यांचा 'डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज' दोन प्रचंड खंडांत बाहेर पडला. त्यात सुमारे ४२,७७३ नोंदी होत्या. किंमत ४ पौंड १० शिलिंग; म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. एकाच शब्दाच्या निरनिराळ्या अर्थच्छटा क्रमांक देऊन वेगळ्या करण्याचे काम जॉन्सन यांनी इंग्रजीत अभूतपूर्व बारकाईने केले.

७/
मात्र जॉन्सन यांचा वाचक सुशिक्षित इंग्रज होता. 'नेटवर्क' म्हणजे जाळीकाम. हा साधा शब्द समजावताना त्यांनी 'रेटिक्युलेटेड', 'डिकसेटेड' अशी लॅटिन वळणाची विशेषणे योजली. ज्या शब्दाचा अर्थ शोधायचा त्याहून अर्थ अवघड, हे त्यांच्या व्याख्येचे उदाहरण त्यांच्या हयातीतच थट्टेचा विषय झाले. ज्याने आयुष्यभर इंग्रजी ऐकली त्याला 'नेटवर्क'साठी कोश उघडण्याची गरज नव्हती. त्यामुळे व्याख्या दुर्बोध असली तरी कोणाचे काही अडत नव्हते. अडणार होते ते पुढे, ही भाषा समुद्रापलीकडच्या शाळांत शिकवली जाऊ लागल्यावर.

८/
आता दुसरे साधन : समानार्थी शब्द. भारतीय वाचकाला ते परके नाही. अमरसिंहाचा 'नामलिंगानुशासन', म्हणजेच अमरकोश, सुमारे दीड हजार श्लोकांचा आणि तीन कांडांचा. त्यात शब्द वर्णानुक्रमाने लावलेले नसून विषयवार वर्गांत गुंफलेले आहेत. स्वर्गाची नावे स्वर्गवर्गात, पाण्याची नावे वारिवर्गात. पाठशाळांतील विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या हे श्लोक मुखोद्गत करीत आले. शब्दसंग्रह वाढवण्याचा हा मार्ग स्मरणशक्तीला सोयीचा आणि काव्यरचनेला उपकारक होता. तथापि त्यातून एक गोष्ट कळत नसे : कोणता शब्द कोठे वापरावा.

९/
पाणी, जल, नीर, उदक, सलिल. पाच शब्द, अर्थ एक. तरीही मराठी माणसाच्या 'तोंडाला पाणी सुटते', 'जल' सुटत नाही. घरात 'गंगाजल' असते, 'गंगापाणी' नसते. नळाला 'सलिल' आले नाही, अशी तक्रार कोणी नगरपालिकेकडे करीत नाही. हे नियम मराठी मुलाला कोणी शिकवत नाही. ते त्याच्या कानावरून रुजतात. परभाषकाजवळ तो कान नसतो. त्याच्या हाती केवळ समानार्थी शब्दांची यादी दिली, तर ती यादी त्याला जितकी मदत करते तितकीच फसवतेही.

१०/
इंग्रजीत ही अडचण ज्यांनी लवकर ओळखली त्यांत एक स्त्री होती. हेस्टर लिंच पियोत्सी या जॉन्सन यांच्या निकटच्या स्नेही. त्यांचे दुसरे पती गॅब्रिएल पियोत्सी हे इटालियन संगीतकार. १७९४ साली हेस्टर यांनी 'ब्रिटिश सिनॉनिमी' हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जवळपास सारख्या अर्थाच्या शब्दांतून संभाषणात कोणता निवडावा, याचे विवेचन त्यात होते, आणि परदेशीयांचा विचार त्यामागे स्पष्टपणे होता. शब्दांचे अर्थ तर्काने ठरवण्यापेक्षा ते बोलण्यात कसे येतात हे दाखवण्याकडे त्यांचा कल होता. पुढे १८१६ साली जॉर्ज क्रॅब यांनीही समानार्थी शब्दांतील भेद सविस्तर सांगणारा ग्रंथ लिहिला.

११/
तरीही कीर्ती मिळाली ती पीटर मार्क रॉजे यांच्या 'थिसॉरस'ला. रॉजे हे व्यवसायाने वैद्य आणि दोन दशकांहून अधिक काळ रॉयल सोसायटीचे सचिव. शब्दांची पहिली जुळणी त्यांनी १८०५ मध्येच केली होती. ग्रंथ मात्र १८५२ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, प्रकाशित झाला. सहा मुख्य वर्ग आणि त्यांखाली एक हजार कल्पना, अशी त्याची रचना होती. अमरकोशाप्रमाणेच विषयानुसार. त्यात व्याख्या मुळीच नव्हत्या. योग्य शब्द समोर दिसला की वाचक तो ओळखेल, हे रॉजे यांनी गृहीत धरले होते. मातृभाषकासाठी हे गृहीतक बरोबर होते. ज्याला शब्दच नवे, त्याच्यासाठी मात्र त्या याद्या म्हणजे दिशादर्शक पाट्या नसलेला चौक.

१२/
तिसरे साधन उदाहरणाचे. जॉन्सन यांनी आपल्या कोशात शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बेकन अशा लेखकांची एक लाखाहून अधिक अवतरणे दिली. मोठ्या लेखकाने शब्द वापरला म्हणून तो मान्य, ही त्यामागची भूमिका. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत नव्या कोशाची कल्पना मांडली गेली. १८७९ पासून जेम्स मरे तिचे संपादक झाले आणि १९२८ मध्ये 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' पूर्ण झाली : ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे. हजारो स्वयंसेवी वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवलेल्या वाक्यांतून ती उभी राहिली. येथे अवतरण हा शब्दाच्या जीवनचरित्राचा पुरावा होता.

१३/
प्रमाण आणि पुरावा, ही उदाहरणाची दोन कार्ये अशा रीतीने सिद्ध झाली. तिसरे कार्य मात्र राहिले होते. शिकणाऱ्याला हवा असतो नमुना : ज्यावर बेतून तो स्वतःचे वाक्य रचू शकेल असे साधे, आजचे, पूर्ण वाक्य. सतराव्या शतकातील महाकाव्याची ओळ शब्दाची थोरवी सिद्ध करते. पण दुकानात काही मागताना किंवा रजेचा अर्ज लिहिताना तिचा उपयोग होत नाही. इंग्लंडमधील कोशकारांना ही उणीव जाणवण्याचे कारणच नव्हते. ती जाणवली आशियातील वर्गखोल्यांत.

१४/
एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात शब्दांचा पूल द्विभाषिक कोशांनी बांधला. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू आणि अनेक मराठी शास्त्री यांचे श्रम त्यामागे होते. इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थ यांनी सुरू केले, पण प्रकृती ढासळल्याने ते त्यांना सोडावे लागले. थॉमस कँडी यांनी ते पूर्ण केले आणि तो कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी ही उच्च शिक्षणाची व नोकरीची वेस ठरली.

१५/
मोल्सवर्थ-कँडी यांच्या कोशांची थोरवी वादातीत आहे. परंतु द्विभाषिक कोश अर्थ सांगतो. वापर नेहमीच सांगत नाही. 'कडक'साठी इंग्रजी प्रतिशब्द अनेक : हार्ड, स्टिफ, सिव्हिअर, स्ट्राँग. 'कडक चहा'साठी यांतला एकच चालतो. मराठीत 'विषयावर चर्चा' होते, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' किंवा 'ऑन' येऊन बसते. ते तिथे नको असते. 'माहिती', 'सल्ला' यांचे इंग्रजी प्रतिशब्द विद्यार्थ्याला ठाऊक असतात, पण त्यांचे अनेकवचन होत नाही हे प्रतिशब्दातून कसे कळावे? अर्थ बरोबर, वाक्य चूक, ही परभाषकाची खरी व्यथा.

१६/
या व्यथेचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत मायकेल वेस्ट हे नाव अग्रभागी येते. ते इंडियन एज्युकेशन सर्व्हिसचे अधिकारी आणि ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवर त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकत, आणि तरी साधे पुस्तक त्यांना सुखाने वाचता येत नसे. वेस्ट यांनी दोष मुलांकडे न शोधता पाठ्यपुस्तकांकडे शोधला. पानोपानी नवे शब्द, त्यांतले कित्येक जुने किंवा केवळ साहित्यिक, आणि एकदा भेटलेला शब्द पुन्हा भेटण्याची खात्री नाही, असे त्यांचे स्वरूप होते.

१७/
वेस्ट यांचा एक मुद्दा विशेष बोलका आहे, आणि त्यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवहारातील संज्ञा उसनी घेतली : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीपूर्वी बंद केली तर हाती काय लागते, ती रक्कम. बहुसंख्य मुले शाळा मध्येच सोडतात. शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचणाऱ्या थोड्यांसाठीच अभ्यासक्रम आखला, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी गळालेल्या मुलाच्या हाती काहीच राहत नाही. म्हणून शिक्षण असे असावे की ज्या टप्प्यावर ते सुटेल, तिथवर शिकलेले उपयोगी पडावे. याचा अर्थ, सर्वाधिक उपयोगाचे शब्द सर्वांत आधी.

१८/
उपयोगाचे शब्द कोणते, हे ठरवण्यासाठी मोजणी हाती होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये वारंवार येणाऱ्या १०,००० शब्दांची यादी प्रकाशित केली होती. वेस्ट यांनी अशा मोजणीचा आधार घेऊन आपली 'न्यू मेथड' वाचनमाला रचली. दुर्मीळ शब्दांच्या जागी रुळलेले शब्द घातले. नवे शब्द मोजून-मापून आणले आणि ते पुन्हा पुन्हा येतील अशी योजना केली. शब्दसंख्येवर असे नियंत्रण ठेवून लिहिलेल्या गोष्टींची पुस्तके आज इंग्रजी शिकणाऱ्यांना सर्वत्र उपलब्ध असतात. त्या परंपरेचा एक महत्त्वाचा उगम बंगालमधील शाळांत आहे.

१९/
त्यानंतर वेस्ट यांनी व्याख्येचा तो जुना पेच हाती घेतला. सोप्या शब्दांचीच एक ठराविक यादी करावी आणि सर्व व्याख्या त्या यादीबाहेर न जाता लिहाव्यात, अशी त्यांची युक्ती. जेम्स एंडिकॉट यांच्या सहकार्याने १९३५ साली 'न्यू मेथड इंग्लिश डिक्शनरी' निघाली. शब्द आणि वाक्प्रचार मिळून सुमारे २४,००० बाबी तिच्यात होत्या, आणि त्या सर्व केवळ १,४९० शब्दांत समजावल्या होत्या. तेवढे शब्द आले की उरलेला कोश वाचता येत असे. कॉड्री यांच्यानंतर ३३१ वर्षांनी व्याख्येचे ओझे वाचकाच्या खांद्यावरून उतरून कोशकाराच्या खांद्यावर आले.

२०/
त्याच सुमारास टोकियोत दुसरे काम चालले होते. हॅरॉल्ड पामर हे १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण विभागाचे भाषासल्लागार म्हणून तेथे गेले. १९२३ मध्ये इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी तेथे संस्था स्थापन झाली, तिचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. शब्द एकटा शिकता येत नाही, तो आपले सोबती घेऊन येतो, या गोष्टीवर पामर यांनी भर दिला. नेहमी एकत्र येणाऱ्या अशा शब्दांच्या जोड्या आणि समूह यांवर संस्थेने १९३३ मध्ये अहवाल काढला. १९३८ साली पामर यांनी केवळ एक हजार इंग्रजी शब्दांचे 'व्याकरण' सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले : शब्द अत्यंत परिचित, पण प्रत्येकाच्या वापराच्या तऱ्हा अनेक.

२१/
पामर यांच्या संशोधनात सहभागी झालेला एक तरुण शिक्षक म्हणजे आल्बर्ट सिडनी हॉर्नबी. ते १९२४ मध्ये क्यूशू बेटावरील ओइता येथे इंग्रजी शिकवण्यासाठी आले. साहित्यापेक्षा विद्यार्थ्यांना भाषेची गरज अधिक आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९३६ मध्ये पामर इंग्लंडला परतल्यावर संशोधनाची धुरा हॉर्नबी यांनी पुढे नेली, आणि ई. व्ही. गेटनबी व एच. वेकफील्ड या सहकाऱ्यांसह परभाषकांसाठीच्या कोशाचे काम सुरू केले. त्यांच्यासमोर नमुना म्हणून होते ते जपानी विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका.

२२/
या कोशात काय नवे होते? इंग्लंडमध्ये कोणी विचारलेच नसते अशा प्रश्नांची उत्तरे त्यात होती. नामाचे अनेकवचन होते की नाही, हे खुणेने दाखवले होते. क्रियापदांच्या वाक्यरचनांचे २५ साचे करून प्रत्येक क्रियापदापुढे त्याला लागू पडणाऱ्या साच्यांचे क्रमांक दिले होते. 'सजेस्ट' या क्रियापदाची रचना 'टेल'सारखी होत नाही, हे अशा क्रमांकावरून कळे. आणि जागोजागी साधी उदाहरणवाक्ये होती. जॉन्सन यांना उदाहरण हे प्रमाण म्हणून हवे होते, मरे यांना पुरावा म्हणून. हॉर्नबी यांच्या कोशात ते अनुकरणासाठी दिलेला नमुना झाले.

२३/
डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरले. हॉर्नबी यांच्यासह तेथील ब्रिटिश नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले. पुढे १९४२ मध्ये युद्धकालीन अदलाबदलीत त्यांना मायदेशी जाता आले. कोश मात्र त्याच वर्षी टोकियोत छापून झाला. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने जपानी आवृत्तीच्या पानांची छायाप्रत घेऊनच तो 'लर्नर्स डिक्शनरी ऑफ करंट इंग्लिश' या नावाने पुन्हा काढला. काही वर्षांनी त्याच्या नावात 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा शब्द आला. ऑक्सफर्डचा शिक्का लागला तेव्हा आतले काम टोकियोत आधीच पूर्ण झालेले होते.

२४/
पुढची वाटचाल याच पायावर झाली. १९५३ मध्ये वेस्ट यांची सुमारे २,००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली. १९७८ च्या लाँगमन कोशाने सर्व व्याख्या सुमारे २,००० शब्दांत लिहिल्या. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली 'कोबिल्ड' कोश आला. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली होती, म्हणजे अर्थ वाचता वाचता वापरही दिसावा. उदाहरणे संपादकांनी रचावीत की प्रत्यक्ष लेखन-भाषणाच्या संगणकीय संग्रहातून घ्यावीत, हा वाद सिंक्लेअर यांनी पेटवला. रचलेले वाक्य सुबोध असते, पण बनावट वाटू शकते. सापडलेले वाक्य अस्सल असते, पण संदर्भावाचून अडखळवू शकते. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही.

२५/
या इतिहासाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. वेस्ट हे वसाहती शासनाचे अधिकारी होते. बंगाली मुलाला इंग्रजी लागत होती ती बऱ्याच अंशी राज्यकर्त्यांची भाषा ज्ञानाची आणि नोकरीची वाट अडवून बसली होती म्हणून. ठराविक शब्दसंख्येच्या व्याख्याही निर्दोष नसतात. सोपेपणासाठी अर्थाच्या छटा कधी कधी गळून पडतात. यातील बराच व्यवहार लंडन आणि ऑक्सफर्डच्या प्रकाशकांच्या हाती गेला. ज्या बंगाली आणि जपानी विद्यार्थ्यांच्या अडखळण्यातून या पद्धती घडल्या, त्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत.

२६/
तरीही त्या विद्यार्थ्यांचा ठसा कोशाच्या पानापानावर आहे. मोजता येणाऱ्या-न येणाऱ्या नामांची खूण, क्रियापदाचा साचा, सोप्या शब्दांतील व्याख्या या प्रत्येक गोष्टीमागे वर्गात झालेली एखादी चूक आहे, आणि ती चूक दुर्लक्षून न टाकता तिची नोंद घेणारा एखादा शिक्षक आहे. हॉर्नबी यांनी १९६१ मध्ये कोशाच्या उत्पन्नाचा मोठा भाग एका न्यासाकडे सोपवला. इतर देशांतील इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला साहाय्य करणे हा त्या न्यासाचा हेतू. ज्या वर्गखोल्यांतून कोश घडला, त्यांच्यासारख्याच वर्गखोल्यांकडे त्याचे उत्पन्न वळले.

२७/
आज मराठी विद्यार्थी मोबाइलवर शब्द टाकतो आणि क्षणार्धात तिन्ही गोष्टी समोर येतात. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करण्याचा प्रघात अजूनही टिकून आहे. यादीतला शब्द गुण मिळवून देईल. वाक्यात तो कोठे बसतो हे उदाहरणच सांगेल. म्हणून नोंद वाचताना व्याख्येपाशी थांबू नये. खालचे तिरप्या अक्षरातले वाक्य जागा भरण्यासाठी दिलेले नसते. अर्थ कळणे आणि शब्द वापरता येणे यांत अंतर आहे, हे ढाक्याच्या आणि टोकियोच्या वर्गांत ज्या चुकांनी दाखवून दिले, त्या चुकांचे ते वाक्य हे उत्तर आहे.

(धागा समाप्त)